‘थर्टी टॉफ्ट’ नावाचं काडतूस

ज्येष्ठ मेहुणे क्लेमंटदादा यांस,

बिटररूटच्या खोऱ्यातून धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे ऑरिनचा, टोपी काढून आणि मान लववून नमस्कार. तुमचा दमा, तुमची गुरं आणि तुमची खालची कवळी, तिन्ही ठीक असतील अशी आशा आहे. कवळी अजून टोचत असेल तर माझ्यावर राग धरू नका. मी बसवली तेव्हा ती अगदी बरोबर होती, नंतर तुमची हिरडी बदलली. (दवाखाना बंद करेपर्यंत मी हे सगळ्याच पेशंटना सांगत आलो आणि कुणी वाद घातला नाही, कारण त्या वेळी त्यांच्या तोंडात माझा हात असे.) आर्डिस मजेत आहे. चर्चमधल्या बायकांबरोबर गोधड्या शिवते, घरी आल्यावर मला बोलते, आणि बोलून झालं की पाय उशीवर ठेवून वर्तमानपत्र वाचते.

आता मुद्द्याचं. माझ्याबद्दल तुमच्या कानावर काहीबाही आलं असणारच. आपल्या मोंटानात बातमीला रस्ता लागत नाही. तेव्हा दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावण्याआधी मीच ते लावून पाठवतो.

मागच्या शरदात आर्डिस आणि मी नेहमीच्या कड्यावर गेलो होतो. खाली घळ, घळीच्या पलीकडे गवताचा उतार, आणि त्या उतारावर घोड्याएवढा, फांद्याफांद्यांच्या शिंगांचा एल्क हरणाचा नर उभा. आमच्याकडे लिव्हरची, म्हणजे चापाखालचा दांडा ओढून भरायची, जुनी थर्टी-थर्टी रायफल. तुम्ही जाणताच, त्या काडतुसाचा हात तेवढा लांब नाही. गोळी निघते आवेशात आणि घळीच्या मध्यावर तिला खुर्ची लागते. तो नर आमच्याकडे बघत शांतपणे चरला, आणि कंटाळा आल्यावर निघून गेला. दुसऱ्या दिवशी कॅफेत कुणीतरी विचारलं, ‘‘काय डॉक्टर, मांस कुठाय?’’ मी म्हणालो, ‘‘दोष काडतुसाचा.’’ तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण समोर ॲपल-पायची बशी होती, तिच्यावर आइस्क्रीम होतं, आणि ऐकायला माणसं होती. मी म्हणून गेलो, ‘‘याच्याहून चांगलं काडतूस मी स्वतः बनवून दाखवतो.’’

दादा, तोंडातून निघालेला शब्द उपटलेल्या दाढेसारखा असतो, परत बसत नाही.

तेव्हापासून सबंध हिवाळा स्वयंपाकघराचं टेबल माझ्या ताब्यात होतं. तुम्ही हल्ली वापरता त्या नव्या रायफलीत काडतुसं पेटीत एकावर एक बसतात, तुम्ही सुखी आहात. आमच्या रायफलीत ती नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक झोपतात, प्रत्येकाचं नाक पुढच्याच्या बुडाला टेकलेलं. आणि ठिणगी पाडणारी टोपी नेमकी बुडालाच! टोकदार गोळी घातली तर धक्क्यासरशी मागचं काडतूस पुढच्याला उडवायचं. म्हणून आमच्या गोळीचं नाक चपटं, आणि चपट्या नाकाची गोळी वाऱ्यात लवकर दमते. नाक बदलता येत नाही म्हटल्यावर मी पोट वाढवायचं ठरवलं. पितळी पुंगळी अंगाने सरळ करायची, तिचा उतरता खांदा चांगला चौकोनी करायचा, म्हणजे आत दारूला जागा जास्त आणि गोळीला रेटा जास्त. कागदावर ती पुंगळी इतकी देखणी दिसायला लागली की मी तिच्याखाली माझ्या आडनावावरून ‘थर्टी टॉफ्ट’ असं नाव घातलं आणि चष्मा काढून जरा वेळ नुसता बघत बसलो. आर्डिस सूप ठेवायला जागा शोधत होती. तिने कागद उचलला, उलटा धरला आणि विचारलं, ‘‘ही बाटली कसली?’’

(माझ्याकडे या विषयावरचं एक जाड पुस्तक आहे. त्यात ‘चौकोनी खांद्याचे काडतूस लिव्हरच्या रायफलीत का अडकते’ असं एक अख्खं प्रकरण आहे. मी ते वगळलं होतं, कारण त्याच्या आधीच्या प्रकरणात मला हवं ते लिहिलं होतं.)

आराखडा घेऊन मी ड्यूईकडे गेलो. ड्यूई आमचा बंदूकवाला. हात चांगला आहे, पण तोंडाला झाकण नाही. त्याच्या दुकानात सकाळी शिंकलेला माणूस दुपारपर्यंत न्युमोनियाने दगावलेला असतो. नळीतलं काडतुसाचं घर नव्या आकाराचं कोरायचं तर त्या आकाराचं कोरणं लागतं, ते बाहेरून बनवून घ्यावं लागतं, आणि बनवणारे लोक वाट बघायला लावण्यात देवाच्या बरोबरीचे. ते आलं तेव्हा बर्फ वितळून गेलं होतं. ड्यूईने रायफल हातात घेतली, उलटसुलट केली, माझ्याकडे बघितलं.

‘‘डॉक्टर, हीच कोरायची? नक्की?’’

‘‘हीच.’’

‘‘एकदा कोरलं की परत भरता येत नाही हो. तुमच्या सिमेंटने सुद्धा नाही.’’

मी म्हणालो, ‘‘ड्यूई, आयुष्यभर मी भोकं पाडत आलोय. मला शिकवू नकोस.’’ तो गप्प बसला. ड्यूई गप्प बसतो तेव्हा सावध व्हावं, हे सगळ्या खोऱ्याला माहीत आहे. मी झालो नाही. रायफल परत आली ती झकास पुसून, तेल लावून. मी लगेच नव्या घराचा साचा घेतला, दातांचा घ्यायचो तसाच, आणि तो इतका सुरेख निघाला की दोन दिवस खिशात घालून हिंडलो. किराणा दुकानात काढून दाखवला. पोस्टातल्या बाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, ‘‘बिचारा. कुणाचा दात हा?’’

आता घर नवं, पण पुंगळ्या जुन्याच. जुनी पुंगळी नव्या घरात घालून उडवली की ती फुगून घराचा आकार घेते. त्यासाठी खऱ्या गोळ्या वाया घालवायला नकोत म्हणून आमचे जाणते लोक पुंगळीत थोडी दारू घालतात आणि वरती रवा. होय दादा, न्याहारीच्या लापशीचा रवा. तोंडाला मेणाचं बूच. रायफल आभाळाकडे धरायची आणि चाप ओढायचा. फाट्, आणि हातात नवी कोरी फुगलेली पुंगळी! पहिली निघाली तेव्हा मी कोठाराच्या मागे एकटाच नाचलो. मग मला थांबवेना. एकामागून एक उडवत सुटलो, घरातला रवा संपत आला, आणि वारा कधी फिरला ते मला कळलंच नाही.

कोठाराच्या पुढच्या बाजूला, आमच्याच हिरवळीवर, त्या दिवशी चर्चच्या बायका बसल्या होत्या. लिलावासाठीची गोधडी शेवटच्या टाक्यांसाठी पसरलेली, बाजूला लिंबाचं सरबत. आधी त्यांना वाटलं, ढग गडगडतोय. मग त्यांच्यावर रवा पडला. गरम, काळपट, मेणकट रवा. केसांत, सरबतात आणि त्या पांढऱ्या गोधडीवर. मी शिट्टी वाजवत कोठाराला वळसा घालून आलो तेव्हा पास्टरीणबाई उभ्या राहून टोपी झटकत होत्या.

‘‘डॉ. टॉफ्ट,’’ त्या म्हणाल्या, ‘‘वाळवंटात इस्राएलच्या लोकांवर आभाळातून अन्न पडलं होतं. त्याला दारूचा वास होता असं बायबलात कुठे लिहिलेलं नाही.’’

आर्डिस नुसतं सरबताचं भांडं उचलून आत गेली. मला तीच शिक्षा मोठी वाटली. गोधडी मीच धुतली. (धुतल्यावर मेण पसरतं, हे मला आता माहीत आहे.)

असो. पुंगळ्या तयार, दारू भरलेली, चपट्या नाकाच्या गोळ्या बसवलेल्या. मी कॅफेत जाहीर आमंत्रण दिलं, आणि शनिवारी चांदमारीच्या मैदानावर अख्खं गाव आलं. खुर्च्या आणल्या होत्या लोकांनी, दादा. कुणी सॉसेज भाजत होतं. आर्डिस अगदी पुढे, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून. ड्यूईने गोळीचा वेग मोजायचं यंत्र तिकाटण्यावर लावून दिलं. पहिलं काडतूस मी हाताने घरात घातलं, नेम धरला, उडवलं. ड्यूईने आकडा बघितला आणि बराच वेळ हनुवटी खाजवली. जुन्या काडतुसापेक्षा वाढ झाली होती, नाही असं नाही. ‘‘एवढा फरक तर,’’ तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, ‘‘दुपारच्या उन्हाने सुद्धा पडतो.’’ मी म्हणालो, यंत्राची चूक असेल, पुन्हा बघू. पुन्हा उडवलं. या वेळी आकडा आलाच नाही, कारण गोळी यंत्रातूनच गेली होती. यंत्र ड्यूईचं होतं. खुर्च्यांमधून कुणीतरी ओरडलं, ‘‘नेम लागला की, डॉक्टर!’’

आता अब्रूचा प्रश्न होता. म्हटलं, लिव्हरच्या रायफलीचं खरं वैभव म्हणजे भराभर मारा, तो तरी दाखवू. खालची नळी गच्च भरली, एक गोळी उडवली, ऐटीत लिव्हर खाली ओढली आणि वर खेचली. ती अर्ध्यावर थांबली. तो देखणा चौकोनी खांदा घराच्या चौकटीला अडला होता. मी जोर लावला. तेवढ्यात तिसरं काडतूस त्याच्या खाली घुसलं. आता लिव्हर वर जाईना, खाली येईना. जबडा निखळलेल्या पेशंटसारखी ती रायफल आ वासून राहिली. माझा हात सवयीने खिशात गेला आणि दात उपटायचा चिमटा बाहेर आला. (तो माझ्याकडे का होता ते विचारू नका. तुम्ही गाईंची दोरी खिशात ठेवताच की.) रायफलीचं तोंड मैदानाकडे ठेवून, एक गुडघा टेकून, घाम पुसत मी ते काडतूस हलवत होतो, आणि मागून आवाज आला, ‘‘आधी भूल द्या हो तिला!’’ त्यावर जे हसू फुटलं ते अजून थांबलेलं नाही. काल पेट्रोल भरणाऱ्यानेसुद्धा मला बघून गाल धरला.

तर अशी ही हकीकत. लोकांच्या लिव्हरच्या रायफली सहा-सहा गोळ्या झाडतात, मी खूप मेहनत घेऊन ही एका गोळीची केली. थर्टी टॉफ्टचा इतिहास इथे संपला. कोरणं मी खणात टाकून दिलं आहे आणि आता मासेमारीचे गळ बांधायला शिकावं म्हणतो. गुरांना आणि वहिनींना नमस्कार.

आपला नम्र,
ऑरिन टॉफ्ट

ता. क. दादा, वर मी सगळीकडे ‘रायफल’ असं मोघम लिहिलं, त्याचं कारण आता सांगतो. फोनवर सांगता येत नव्हतं, कारण फोन स्वयंपाकघरात आहे आणि स्वयंपाकघरात आर्डिस. ती रायफल माझी नाही. तुमच्या वडिलांनी तुम्हा दोघा भावंडांना एकसारख्या दोन घेऊन दिल्या होत्या, त्यातली ती आर्डिसची. मी तिला सांगितलंय की हा सगळा उद्योग मी बंदुकांच्या प्रदर्शनातून आणलेल्या जुन्या रायफलीवर केला आणि तिची ड्यूईकडे साफ व्हायला दिली आहे. लिव्हरच्या रायफली लांबून सारख्याच दिसतात, त्यामुळे तिला संशय नाही. शिकारीचा हंगाम उघडायच्या आत तुम्ही तुमची घेऊन सहज म्हणून आमच्याकडे या आणि जाताना ती इथेच विसरून जा. आयुष्यभर उपकार मानीन. नवी कवळीही करून देईन.

दुसरा ता. क. हे पत्र जाळा.

आणखी एक ता. क., आर्डिसच्या हातचा. दादा, पत्र पोस्टात टाकायला याने माझ्याच हातात दिलं. मी लखोटा फोडला. रायफल आणू नकोस. बापाची रायफल लांबून ओळखू येत नाही असं फक्त दातांच्या डॉक्टरला वाटू शकतं. हा रायफल कोरायला घेऊन गेला त्याच दिवशी ड्यूईने मला फोन केला होता. आम्ही दोघांनी ठरवून मूळ नळी काढून ठेवली आणि त्याच्या अडगळीतली एक जुनी नळी चढवून तीच कोरली. मूळ नळी माझ्या कपाटात आहे, लग्नाच्या पोशाखाखाली. तिकडे हा कधी बघत नाही. सोमवारी ड्यूई ती परत बसवेल.

एक गोष्ट मात्र याने तुला लिहिली नाही. मागच्या वर्षी त्या कड्यावर रायफल माझ्या हातात होती. दर वर्षी मी घळीत उतरून जवळ जायचे. त्या वेळी दोन पावलं टाकली आणि गुडघा गेला. याने मला धरून खाली बसवलं, थर्मासमधली कॉफी ओतून दिली, आणि तो नर निघून जाईपर्यंत तो काडतुसाला शिव्या देत होता. मी चालू शकत नाही हे त्याने मलाही म्हणू दिलं नाही. हिवाळाभर टेबल अडवून बसला तो स्वतःच्या नावासाठी नाही. कड्यावर बसल्या बसल्या माझी गोळी पलीकडे पोचावी, एवढंच त्याला हवं होतं. गोधडी धुताना तो ‘बसल्या जागेवरून पलीकडे पोचायला हवी’ असं पुटपुटत होता, तेव्हा मला हे कळलं. मी तसं बोलणार नाही, तूही बोलू नकोस.

या वर्षी मी कड्यावर बसणार आहे, मूळ नळी आणि जुनंच काडतूस घेऊन. घळीत उतरून, पलीकडे चढून, एल्क माझ्याकडे हाकून आणायचं काम ऑरिनचं. हे त्याला अजून सांगितलेलं नाही.