पाच नंबरच्या पिंजऱ्यातले जंत

१० फेब्रु. १९७५, सोम.
बाळंतपणाच्या रजेनंतर प्रयोगशाळेतला हा माझा पहिलाच प्रयोग. उंदरांना जंतांच्या अळ्या टोचून आज चौदा दिवस. औषधाशिवाय उंदराचं शरीर दोन आठवड्यांत आपणच जंत बाहेर टाकतं; ते कसं, हेच आमचं काम. सगळ्यांच्या लेंड्या तपासल्या. जंतांची अंडी कुठेच नाहीत. फक्त पाच नंबरमध्ये भरपूर.
आमचे प्रमुख देवसर म्हणाले, "टोचताना गडबड झाली असेल. लक्ष घरी असतं तुमचं."
सांगवीला घरी पोचेपर्यंत मनात त्यांना उत्तर देत होते.

११ फेब्रु.
पुन्हा मोजली. तेवढीच. पिंजरे सांभाळणारे काशिनाथमामा दारात घुटमळत होते. शेवटी म्हणाले, "बाई, पाचातली मादी व्यालीय. आली तवाच गाभण हुती. सांगितलं असतं तर मारली असती, म्हून गप ऱ्हायलो." गवताखाली नऊ पिल्लं, आठवड्याभराची.
राग आला. मग एकदम वाटलं, पाजते म्हणून तर जंत पडत नसतील?

१३ फेब्रु.
सरांशी बोलले. मामांनी लपवलं, ते नाही सांगितलं. "एका मादीवरून काय ठरतं?" बरोबरच आहे. म्हटलं, मग आणखी गाभण माद्या द्या. पेन आपटत तीन देतो म्हणाले.
सासूबाईंचं चालूच आहे: छोटीला आता वरचं दूध लाव. बघू.

१० मार्च, सोम.
तिघींना व्याल्यानंतर दोन दिवसांनी टोचलं होतं. आज चौदावा दिवस. दोघींत अंडी भरपूर, तिसरीत अगदी थोडी. तुलनेसाठी ठेवलेल्या, पिल्लं नसलेल्या माद्या साफ. तिसरीचं कोडं आहेच.
सरांनी स्वतः सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. दोनदा. टोचताना गडबड झाली म्हणाले होते, ते काही मागे घेतलं नाही. म्हणाले, "पिल्लं काढा. दूध थांबल्यावर जंत पडतात का बघू."

११ मार्च
मामा म्हणाले, "आजून दाना धड खात न्हाईत. माझ्या हातनं व्हनार न्हाई, बाई."
मग मीच काढली. सगळी. दुसऱ्या पिंजऱ्यात दाणा भिजवून ठेवला. मामा माझ्याकडे पाठ करून तिथेच बसून राहिले. माद्या कोपरे हुंगत फिरत होत्या.
उद्यापासून रोज तपासायचं. जंत पडले तर माझं म्हणणं खरं. आज मात्र ते खरं ठरावं असंही धड वाटत नाही, आणि छोटीला वरचं दूध इतक्यात लावणार नाही.