वीस फुटी फ्लेक्सवरचे दोन मामा

३ फेब्रुवारी
आजपासून मारामारी बंद. कायमची. धाकट्या बहिणीला, मरगतमला, तसा शब्द दिला. दहा तारखेला करुप्पसामीच्या देवळात तिच्या याळिनीचे कान टोचायचे. पोर मामाच्या मांडीवर बसते. मामा दोन: मी आणि थोरला वेल्लैसामी अण्णा. अण्णाशी आठ वर्षं बोलणं नाही. (विहिरीचा वाद. त्याचा दात पडला, तो आधीच हलत असणार.) मरगतम म्हणाली, "एक कान त्याच्या मांडीवर, एक तुझ्या. आणि मायाण्डी दादा, हात उचललास तर बहीण मेली समज." म्हटलं, मी आता थंड माणूस आहे.

४ फेब्रुवारी
वीस फुटी फ्लेक्स माझ्यातर्फे. त्यावर सगळे नातेवाईक. फोटो मागत दारोदार कोण हिंडणार? फेसबुकवरून उतरवले. अण्णाने मला ब्लॉक केलंय. शेवटी वहिनीच्या पानावर सापडला. कुणाच्या तरी लग्नात, मागच्या पंगतीत, तोंडात घास. चेहरा वाटाण्याएवढा, पण बास.

५ फेब्रुवारी
फ्लेक्सवाला सबापती म्हणतो, "भाऊ, हा मोठा केला की फुटणार." आणि हसला. कॉलर धरली. नुसती कॉलर. ती मारामारीत धरत नाहीत.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ
फ्लेक्स चढला. मी आठ फूट, काळा चष्मा, शेजारी बैल. अण्णा पाच फूट. तोंडाचे जरा चौकोन चौकोन झालेत. लांबून बघितलं तर अण्णाच. आणखी लांबून तर हुबेहूब. मरगतम बघायला आली. म्हणाली, त्याला फोन करून चांगला फोटो माग. मी का मागू? आधी त्याने ब्लॉक काढावा.

१० फेब्रुवारी, सकाळी ९
अण्णा आला. मी हात जोडून उभा. त्याने वर बघून विचारलं, "हा कोण?" खरं ते सांगितलं, "तू." तो म्हणाला, "मेल्यावरसुद्धा मी असा दिसणार नाही." बोकड कापणाऱ्याच्या हातातला कोयता ओढून घेतला आणि फ्लेक्सवरचा मी कपाळापासून हनुवटीपर्यंत फाडला. मला राग आला नाही. मी फक्त खुर्ची उचलली.

१० फेब्रुवारी, दुपार. सरकारी दवाखाना
नऊ टाके, डावा हात मोडला. खुर्ची अण्णाच्या खांद्यावर आपटून तुटली. त्याने फ्लेक्सचा बांबू उपसून माझ्यावर घातला. मग दोन्हीकडचे पावणे तुटून पडले, बिर्याणीचे डाव घेऊन. मेव्हणा, याळिनीचा बाप, सोडवायला मध्ये आला, त्याचं नाक फुटलं. कुणी फोडलं कळलं नाही. माझ्या मुठीला रक्त होतं, पण ते माझंही असू शकतं.
अण्णा शेजारच्याच खाटेवर. खांदा निखळलाय.

११ फेब्रुवारी
बायको सांगते, सोनार दोन तास थांबला. शेवटी मरगतमने पोर स्वतःच्या मांडीवर घेतली. म्हणाली, मामा नकोत.
रागात बोलतो माणूस.

१३ फेब्रुवारी
मरगतम आली. दोघांना मिळून एकच डबा पेज.
आठ वर्षांनी अण्णा माझ्याशी न भांडता बोलला: "मीठ कमी आहे." मी म्हटलं, "हो."
दारात याळिनी उभी. म्हटलं, "ये राणी, मामाला झुमके दाखव." तिने माझ्याकडे बघितलं, अण्णाकडे बघितलं आणि दोन्ही हातांनी कान गच्च झाकून घेतले.
अण्णा म्हणाला, "तुला घाबरली." मी म्हटलं, "तुला."
मरगतम घेऊन जाईपर्यंत तिने हात काढले नाहीत. झुमके काही दिसले नाहीत.