टँकरभर विरजण

मंगळवार, भेस्तान

आमच्या डाइंग मिलच्या टाकीतले जंतू मेले. सगळेच! काल कोणीतरी ब्लीचचं पाणी थेट टाकीत सोडलं आणि सांडपाणी खाऊन साफ करणारी माझी बिनपगारी फौज रातोरात संपली. शेठ म्हणतात, पाणी साफ होईना तर मिल बंद.

म्हणून संध्याकाळी शेजारच्या मिलमध्ये गेले. तिथली टाकी तात्या सांभाळतात, मूळचे धुळ्याकडचे. म्हटलं, "तात्या, तुमच्या टाकीतला टँकरभर जिवंत गाळ द्या. विरजणच समजा. माझ्या टाकीत पुन्हा जंतू धरतील."

तात्यांनी गेटवरच्या दिव्याकडे बोट दाखवलं. "दिवा लागी ग्या, बेटा. आते इरजन नही देतस. सकाळले आमनाच टँकर धाडस."

गाळ आहे तो! काळाकुट्ट, वास मारणारा गाळ! तो दिल्यावर कोणती लक्ष्मी जाणार होती? पण मी तरी विरजण म्हणाले कशाला? सकाळी त्यांचाच टँकर पाठवणार म्हणे! हात हलवत परत आले.

घरी सासूबाईंना तावातावाने सगळं सांगितलं. वाटलं, हसतील. तर म्हणाल्या, "बरोबरच आहे त्यांचं. तिन्हीसांजेला कोणी विरजण मागतं का?" आणि पोळी उलटता उलटता पुढे, "टँकर त्यांचा ना? मग परत देताना रिकामा देऊ नकोस."

टँकर! रिकामा देऊ नकोस म्हणे!

केव्हाची चिडचिड चाललीय माझी. पण... चिमूटभर साखर टाकली तर चालेल ना? तात्यांचे जंतू तरी खातील.