बिनवासाचं पेट्रोल

आई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहितोय.

माझी काळजी करू नकोस. इथे झाडं कापायच्या करवतीत अल्किलेट नावाचं स्वच्छ पेट्रोल घालतात. त्याला वासच नाही म्हण ना! बाबांसारखा खोकला मला लागायचा नाही.

काल कुणीतरी चुकून साधं पेट्रोल भरलं. करवत सुरू होताच तोच उग्र धूर आला. सगळे शिव्या घालत मागे सरले. मी मात्र धुरातच उभा राहिलो. वाटलं, बाबा कामावरून आलेत आणि तू ओरडतेयस, "आधी आंघोळ करा!"

त्यांना शेवटचं बघायलाही मला येता आलं नाही गं.

तुझा गुडघा कसा आहे? दारामागचा त्यांचा शर्ट अजून धुतला नसशील, तर मी येईपर्यंत राहू दे.

तुझाच,
धाकटा