अर्धा वेढा

माय, परवा आपल्या बुऱ्हाणपूरच्या लालबागेत एका म्हातारीच्या घरी तपासणीला गेले होते. तिथून आल्यापासून दुसरं काही सुचत नाही. ओसरीवर जुन्या लुगड्यांच्या चार झोळ्या, चारांत चार तान्ही लेकरं, आणि भर दुपारी एकही रडत नव्हतं. चार लेकरं एकाच वेळी गप्प असली म्हणजे काय समजायचं, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

तुला सांगायचंच राहिलं, मी बी.ए. झाले. नागपूरला राहून. आपल्या घरात एवढं आजवर कुणी शिकलं नव्हतं. आता मी सरकारी खात्यात आहे. पैसे घेऊन दुसऱ्यांची लेकरं ठेवून घेणाऱ्या बायकांची घरं बघायची, लेकरं किती, दूध कुठलं, जागा कशी, ते लिहायचं आणि परवाना द्यावा की नाही हे वर कळवायचं. राज्यांची नवी वाटणी झाली, बुऱ्हाणपूर इकडेच राहिलं. पूर्वी नागपूरला जाणारे कागद आता भोपाळला जातात, फॉर्म हिंदीत आलेत. नोकरी लागली तेव्हा वाटलं होतं, वर्षभरात या गावातलं एकही लेकरू अफूच्या गुंगीत झोपणार नाही. वर्ष होऊन गेलं. मिलच्या फाटकाबाहेर उभी राहून मी पुष्कळ बोलले. बायका ऐकून घेतात, मान डोलावतात, आणि भोंगा झाला की लेकरू म्हातारीकडे टाकून आत जातात. त्यांना तरी काय म्हणू? आत लेकरू नेता येत नाही आणि घरी बघणारं कुणी नाही.

म्हातारीने मला पाट दिला, पाणी दिलं. मग विचारलं, मला किती लेकरं. लग्न झालं नाही म्हटल्यावर ती हसली. म्हणाली, मग बरोबर आहे, ज्याला पोहता येत नाही तोच काठावरून शिकवतो. तिच्याजवळ सहाण होती, भोवती हळकुंड, जायफळ, वेखंड, मुरडशेंग, आणि कागदाच्या पुडीत अफूची ती काळी गोळी. लपवलीसुद्धा नव्हती. मी पुडीकडे बघितलं तसं तिनेच सांगितलं, "मी मोजून देते, बाई. सहाणेवर अर्धा वेढा, वर नाही. आपल्याच गावात पहिले एक बाई होती, विणकराची बायको. तिचं मोजणं चुकलं आन् लेकरू गेलं. तवापासून माझा हात कधी हलला नाही."

मी मान खाली घालून फॉर्म भरत राहिले. ती तुझ्याबद्दल बोलत होती, माय.

ती सकाळ अजून समोर आहे. मी नऊ वर्षांची आहे. तुला हिवताप भरलाय, तू आतल्या खोलीत गोधडीखाली कुडकुडतेस. बाबा मागावर गेलेत. मिलवाल्या बायकांच्या लेकरांना तू पहाटेच घुटी दिलीस, राहिली आहे ती फक्त छोटी. खकनारकडच्या कुणा विधवेची ती मुलगी, सुईणीने आणून दिलेली. पहिले काही महिने तिचे पैसे आले, मग ते थांबले. तरी तू तिला शेळीच्या दुधात कापसाची वात बुडवून पाजायचीस. लोक म्हणायचे, अशी लेकरं पोसायला नाही, संपवायला देतात. तू ऐकून न ऐकल्यासारखं करायचीस. ती मात्र जगत होती, आणि त्या सकाळी गळा काढून रडत होती. तू आतून सांगतेस, हळकुंडाचे दोन वेढे, जायफळाचा एक, काळ्या गोळीचा अर्धाच. ती झोपली की मग तू शाळेत जा. त्या दिवशी शाळा तपासायला डिप्टी साहेब येणार होते आणि कविता म्हणायला बाईंनी मला निवडलं होतं. मी सहाणेवर दुधाचा थेंब टाकते आणि घासते.

शाळेतून आले तेव्हा साहेबांनी दिलेली पेन्सिल माझ्या मुठीत होती. छोटीला तू भिंतीशी निजवलं होतंस, तोंडावरून फडकं. संध्याकाळी मिलवाल्या बायका आपापली लेकरं न्यायला आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. मी तुझ्याजवळ येऊन म्हटलं, माझं मोजणं चुकलं असेल. ताप अंगात तसाच होता तुझा. तू माझा हात धरलास, इतका घट्ट की पेन्सिल खाली पडली. "तू काही घासलं नाहीस. मी घासलं. उद्यापासून सहाणेला हात लावायचा नाही. शाळेत जायचं, रोज जायचं." मग उठून दाराशी गेलीस आणि त्या बायकांना सांगितलंस की आपल्या हातून चुकलं.

त्यानंतर आपल्या ओसरीवर झोळी बांधली गेली नाही. तू कांड्यांवर सूत भरायला जाऊ लागलीस आणि दोन वर्षांत वारलीस. मी रोज शाळेत गेले. पुढे कॉलेजात याच विषयावर निबंध लिहिला, अशा बायकांना शिक्षा झाली पाहिजे असं त्यात ठासून म्हटलं. तो वर्गात वाचून दाखवला गेला.

काल आमच्या खात्याच्या साहेबांना मी म्हटलं, म्हातारीचं घर नुसतं बंद करून चालणार नाही. मिलने एक खोली द्यावी, दूध द्यावं, शिकलेली दाई ठेवावी, म्हातारीला तिच्या हाताखाली घ्यावं. हे सगळं मी रिपोर्टात लिहिते. साहेब वाईट नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "बहनजी, सुझाव का खाना नहीं है। जो देखा, वह लिखिए।" मी जे बघितलं ते लिहिलं, तर चार झोळ्या सुटतील आणि चार बाया उद्या माझ्या दाराशी येऊन विचारतील, आता लेकरू कुठे ठेवू. नाही लिहिलं, तर एखाद्या सकाळी म्हातारीला ताप येईल आणि सहाण दुसऱ्या कुणाच्या हातात जाईल.

अफू असं मी स्वच्छ लिहिलं आहे. खोलीचं आणि दुधाचंही मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, सूचनांचा रकाना नसला तरी. उद्याच्या टपालात जाईल. वाचेल कोण, माहीत नाही. त्या कागदाला पाकीट आहे, पत्ता आहे. या कागदाला दोन्ही नाही, म्हणून इथे एक लिहिते. म्हातारी म्हणाली तुझं मोजणं चुकलं, तेव्हा मी गप्प बसले. तुलाही मी चुकलंच म्हणून सांगितलं होतं. मला अर्धा वेढा कळत होता, माय. छोटी झोपल्याशिवाय मला निघता येणार नव्हतं, आणि शाळेची घंटा व्हायला आली होती.