साबुदाण्याच्या डब्यातली नेत्रिका

सोम., ३ फेब्रु.
व्याख्यानमालेचं पोस्टर लागलं. शनिवारी सकाळी आमच्या विभागप्रमुखांचं भौतिकशास्त्र, संध्याकाळी माझं खगोलशास्त्र, रविवारी पुण्याच्या एका उद्योजकाचं व्यवसाय-धोरण. उद्योजकाचा फोटो थाळीएवढा. माझा पासपोर्टचा, तोही जुना.
दुपारी विभागप्रमुख सरांनी विचारलं, मॅडम, शाल कोणत्या रंगाची आणू? इतकी वर्षं शिकवतेय, रंग कुणी विचारला नाही. आपल्याकडे शाल-श्रीफळ दोघांनाच मिळतं, बाहेरून आलेल्या पाहुण्याला नाहीतर घरी पाठवायच्या माणसाला. मी काही पाहुणी नाही.

मंगळ., ४
कॉलेजच्या गच्चीवर दोन माणसं टेप घेऊन दुर्बिणीची खोली मोजत होती. सरांना विचारलं तर, व्याख्यान होऊन जाऊ द्या, मग बोलू. मग का? आत्ता काय तोंडात गुळणी धरलीय?
घरी ह्यांना सांगितलं. म्हणाले, "अवं, शाल भेटते तं घे ना गुपचूप. काहून शंका घेऊन राहिली?" ह्यांना काय, सगळं जग साधं वाटतं.

बुध., ५
नोटीस. रविवारच्या व्याख्यानाला मुलांची हजेरी सक्तीची. माझ्याला ऐच्छिक. वा रे वा.
कँटीनमध्ये कुजबुज, गच्चीवर नव्या उद्योगांसाठी ऑफिस होणार, रविवारचा पाहुणाच बांधून देणार म्हणे. मग दुर्बीण? गोदामात, दुसरं काय. आमच्या गोदामात गेलेली वस्तू भंगारातच निघते. ह्या दुर्बिणीतून मी किती पोरांना गुरूचे चंद्र दाखवलेत.
निघताना तिची नेत्रिका, डोळा लावतो ते भिंग, काढून पर्समध्ये टाकली. घरी साबुदाण्याच्या डब्यात. आता हलवा म्हणावं. शनिवारी मीच नेऊन लावेन.

गुरु., ६
ह्यांचा उपवास. खिचडीसाठी डबा उघडला, हातात नेत्रिका आली. चिडले नाहीत, ती पुसून माझ्यासमोर ठेवली. मग म्हणाले, "वापस ठेवून ये वं." तेच जास्त लागलं.
घेऊन गेले, तर माझ्या आधी सर खोलीत. दुर्बीण तपासायला आले होते. नेत्रिका गायब. खोलीच्या चाव्या दोन, एक माझ्याकडे, एक शिपाई शंकरभाऊंकडे. सरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. थेट शंकरभाऊंना लेखी खुलासा मागितला. मी तिथेच, पर्स खांद्याला. तिची चेन नीट ओढून घेतली.
टेपवाले म्हणे कठड्यासाठी आले होते. शनिवारी लोक तारे बघायला गच्चीवर येणार, कुणी पडू नये म्हणून. खरं की बनवाबनवी?

शुक्र., ७
सकाळी शंकरभाऊ फाटकाशीच थांबलेले. "मॅडम, मी चोर नाही जी. तुमी तं मले ओळखता. सरायले सांगा ना." सांगते म्हटलं. वर बघवेना. लाज वाटली स्वतःची. संशय मी घ्यायचा आणि भोगायचं त्यांनी.
सरांच्या दारात गेले. आत पाहुणा, दोन दिवस आधीच हजर. टेबलावर गच्चीचा नकाशा. कठडा आहे, चारी बाजूंनी आहे. आत टेबलं, खुर्च्या, काचेच्या भिंती. दुर्बिणीची खोली कुठे दिसली नाही. मी उलट्या बाजूने बघत होते, नजरेतून सुटलीही असेल. पण सरांनी तो पटकन गुंडाळला. "पाच मिनिटं बसा मॅडम, बोलावतो."
बाहेर बाकावर बसून लिहितेय. पर्स मांडीवर. नेत्रिका दिली तर शंकरभाऊ सुटतात आणि दुर्बीण ह्या दोघांच्या, सरांच्या आणि पाहुण्याच्या, हाती जाते. वर उद्या शाल तरी मिळेल का कोण जाणे. नाही दिली तर...
शंकरभाऊ शेजारी, खुलाशाचा कोरा कागद घेऊन. विचारताहेत, हरवली लिहू की माहीत नाही लिहू. म्हटलं, काहीच लिहू नका.
बेल वाजली. ते उठले. म्हटलं, तुम्ही बसा शंकरभाऊ, आधी मी जाते. पर्सची चेन उघडली.