खिडक्या बदलल्याशिवाय मूल आणू नये

घर्रर्र, मग ठक्. समोरच्या खोलीतली लाकडी खिडकी वर सरकली की हा आवाज व्हायचा, आणि माझी दोन वर्षांची लेक ओडेसा धावत जाऊन चौकटीला दात लावायची. तो आवाज अजून कानात आहे, डोकं शाबूत आहे आणि कुणी दमदाटी केलेली नाही. अशा स्थितीत मी, अलॉन्झो पेटिफर्ड, वय ७८, निवृत्त पोस्टमन, राहणार बाल्टिमोर, माझ्या मागच्या व्यवस्थेसाठी हे मृत्युपत्र लिहून ठेवतो.

कलम एक. हे घर मी १९८१ साली सरकारी घरविक्री कचेरीकडून घेतलं. कारकुनाने सोबत एक पुस्तिका दिली. वर हसरं बाळ, आत मजकूर: जुन्या रंगात शिसं असू शकतं.

“असू शकतं म्हणजे आहे का?” मी विचारलं.

“साहेब, पुस्तिका मिळाली म्हणून इथे सही करा. घर जसं आहे तसं घ्यायचं.”

मी सही केली, आणि शाई वाळताच सरकार मोकळं झालं. ती पुस्तिका मी त्याच कचेरीला देतो. नवीकोरीच आहे, पुढच्या बाळाला चालेल.

कलम दोन. रंग खरवडायचा माझा पत्रा माझ्याबरोबर कबरीत पुरून टाकावा. घर सजवण्याच्या हौसेने मी चौकटी कोरड्याच घासल्या आणि त्या धुळीत लेकीला मांडीवर घेऊन कविता म्हटल्या. बायको व्हर्लीन ओरडायची, “कवी महाराज, चंद्र राहू द्या, आधी ओलं फडकं घ्या!” मी हसायचो. ओडेसा तिसऱ्या वर्षी बारा ओळी घडाघडा म्हणायची. पाचव्या वर्षी चौथ्या ओळीवर अडून माझ्या तोंडाकडे बघत राहायची. रक्तात शिसं निघालं. मी कचेरीला लिहिलं. उत्तर आलं: “आपली सही आमच्या दप्तरी आहे.” अक्षर वळणदार आहे, एवढं तरी लिहायचं!

कलम तीन. कवितांची वही ओडेसाला. ती या घरात पाऊल टाकत नाही, आणि आमच्या कुटुंबातला तेवढाच एक शहाणा निर्णय आहे. तिला वाचणं कधी जमलं नाही, म्हणून वाचून दाखवायचं शेजारीण आयनेझने कबूल केलंय. “पण रटाळ असल्या तर पानं गाळीन हं, लॉन्झो.” मंजूर.

कलम चार. घर पुतण्या रॉस्कोला. अट एकच: अकराही खिडक्या चौकटीसकट बदलून तपासणीचा कागद हाती येईपर्यंत सहा वर्षांखालचं मूल इथे राहू नये. रॉस्को म्हणतो, “काका, वरून एक पांढरा हात मारू, कुणाला कळतंय!” मुलांना चवीवरून कळतं, बाळा. शिसं गोड लागतं.

साक्षीदार: आयनेझ टॉलिव्हर, शेजारीण.
ओबेडाया मिन्स, चर्चमधले गायक.
सही: अलॉन्झो पेटिफर्ड.
बाल्टिमोर, ९ एप्रिल २०२१.

ता. क. सह्या होतात तोच घंटा वाजली. दारात एक अनोळखी तरुणी, कडेवर वर्षाचं मूल. “रॉस्कोंनी पाठवलं. म्हणाले, म्हातारबुवांचे फार दिवस नाहीत, मग तुम्हालाच भाड्याने देतो, घर बघून ठेवा. आत येऊ?”

तिला बाहेर पायरीवरच बसवलं आहे. आयनेझ, मिन्स, कुणी उठू नका. कलम चार पुन्हा लिहायचं आहे.